इतर : 4,310 रुपये

नवं लग्न झालेल्या जोडप्यानं सगळ्यात आधी एक वही आणावी. शंभर पानी नको, दोनशे पानी. पहिल्या पानावर श्री, खाली तारीख, मग दोघांचे पगार आणि ठळक अक्षरात दूध, किराणा, भाजी, लाईट बिल. पहिले चार दिवस कोथिंबिरीची जुडीसुद्धा लिहायची. पाचव्या दिवशी पाव्हणं येतात. नवव्या दिवशी वही टीव्हीच्या मागं जाते. महिनाअखेरीला मेळ काही बसत नाही, तेव्हा तळाशी एक ओळ ओढायची : इतर, 4,310 रुपये.

झालं, लागलात संसाराला.

"इतर"मध्ये काय घालावं हे नवख्यांना उमगत नाही, म्हणून अनुभवी माणसानं सांगायचं. नवऱ्यानं संध्याकाळी मित्रांसोबत आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यावं आणि घरी येऊन "आज काय खर्चच झाला न्हाई" म्हणावं. चार पेले होते, पैसे आपण दिले, हे सांगण्यासारखं नसतं. शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल टीम हरली तर दुःखाचा चहा, जिंकली तर आनंदाची मिसळ. मंडळाची वर्गणी घरी सांगताना निम्मी सांगावी. बायकोनं पार्सल आलं की "शेजारणीचं हाय, ती घरात नव्हती" म्हणावं आणि तोच ड्रेस तीन महिन्यांनी घालून "ह्यो? जुनाच की!" असं ठणकावून सांगावं. इथं आवाज वरचा लागला पाहिजे.

मटण मात्र "इतर"मध्ये घालू नका, पाप लागेल. ज्या शहरात 2019 साली मटणाच्या दरावरून लोकांनी आंदोलन केलं, तिथं त्याला चैनीत मोजायची तुमची टाप आहे का? ते किराण्यात जातं. रविवारचं किराण्यात आणि बुधवारचं औषधपाण्यात.

पुढचा नियम महत्त्वाचा. जो खर्च दर वर्षी येतो, तो दर वर्षी अचानक आला पाहिजे. आता चटणीचंच घ्या. उन्हाळा लागला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाची चटणी होते, आपल्या आज्जीच्याही आधीपासून होते. ब्याडगी, संकेश्वरी, सुकं खोबरं, तीळ, धणे, लसूण, वर डंकावर कांडायची मजुरी. तरी एप्रिलमध्ये बायकोनं मिरच्यांचा विषय काढला की नवऱ्यानं दरोडा पडल्यासारखा चेहरा करावा. जूनमध्ये शाळा असते, हे मूल चौथीत गेलं तरी लक्षात ठेवू नये. गाडीचा विमा, घरफाळा, गणपती, दिवाळी, सगळी संकटं आभाळातूनच पडतात. कुणी शहाणा म्हणेल, ह्या सगळ्याची बेरीज करा, समजा 60,000 झाली, तिला 12 नं भागा, महिन्याला 5,000 बाजूला टाका. असल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा. बारा हा आकडा आपल्याकडं भिशीसाठी राखून ठेवलेला आहे.

भिशी हवीच. बारा जण, महिन्याला पाच हजार, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला 60,000. व्याज नाही, वाढ नाही, आपलेच पैसे फिरून आपल्याकडं. तरी चिठ्ठी निघाल्यावर लॉटरी लागल्याचा आनंद होतो, तो बँकेत कुठला? आणि बघा, स्वतःच्या घरासाठी पाच हजार ठेवायला ज्याला दहा वर्षांत जमलं नाही, तोच माणूस भिशीचे पाच हजार एक तारखेला, पावसात, छत्री धरून नेऊन देतो. एकदा चुकलं तर गल्लीत काय तोंड दाखवणार? बायकोसमोर चुकलं तर तोंड तेच असतं, तिला सवय असते.

खबरदारी एवढीच की भिशी एकमेकांना सांगू नये. नवऱ्याची तालमीतली वेगळी, बायकोची गल्लीतली वेगळी. दोघांचे दहा हजार महिन्याला "इतर"मध्ये गडप होतात आणि दोघंही रात्री जेवताना "पैसा जातोय कुठं, कळंना झालंय" म्हणतात. असा एकविचार संसारात दुर्मीळ.

क्रेडिट कार्डाबद्दल काय बोलावं! आंदोलन करून टोल घालवलेलं शहर आपलं. पण कार्डाच्या बिलावर "किमान देय रक्कम" दिसली की आपण गुमान भरतो. 50,000 थकलेत, पाच टक्के म्हणजे 2,500 भरले, महिनाभर निवांत. आता व्याज महिना साडेतीन टक्के असेल तर 1,750 व्याजातच गेले, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. मुद्दल फिटलं 435 रुपये. हा हिशोब मी एकदाच केला, रात्री दीड वाजता, बाथरूममध्ये. तुम्ही करू नका. सोन्याचाही करू नका. गुजरीतनं आणलेली अंगठी ही "गुंतवणूक" असते. मोडायला गेल्यावर मजुरी आणि तीन टक्के जीएसटी परत मिळत नाही, पण मोडायला जातंय कोण?

तरीही कधी बायको वही घेऊन समोर बसतेच. आमच्याकडं मागच्या महिन्यात बसली.

"अहो, हे इतर म्हंजे काय?"

"इतर म्हंजे... इतर."

"चार हजार?"

"तुझं बी हाय की त्यात."

"मी काय उधळतो का?" आमच्याकडच्या बायका करतो-जातोच म्हणतात, आणि त्या "तो"त जो दम असतो त्यापुढं वही मिटते.

ही विद्या आमच्या घरात वारशानं आली आहे. अण्णांनी तीस वर्षं खर्चाची वही लिहिली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री टीव्हीवर नोटाबंदी जाहीर झाली आणि आई न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली. वरीचा डबा घेऊन आली. त्यात, वरीच्या खाली, पिशवीत गुंडाळून पाचशे-हजारच्या नोटा. एकतीस हजार पाचशे. अण्णा नोटांकडं बघत राहिले, मग आईकडं.

"हे कधी साठवलीस?"

"तुम्ही इतर लिहीत होता की."

दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. त्यानंतर अण्णा स्वतः रांगेत उभे राहिले, दोन दिवस, पाण्याची बाटली घेऊन. त्या नोटांविषयी दोघं पुन्हा बोलल्याचं मी ऐकलं नाही.

तोच पितळी डबा आता आमच्याकडं आहे. गेल्या आठवड्यात माझं कार्डाचं बिल पोस्टानं घरी आलं. बायको भाजीला गेली होती. वरी काय, उपासालाच लागते, म्हणून डबा खाली काढला, हात आत घातला. खाली काहीतरी होतं. भिशीचं कार्ड, तिच्या अक्षरात तारखा, अकरा हप्ते, एकही चुकलेला नाही. मी ते होतं तसं ठेवलं, त्यावर माझं बिल घडी करून ठेवलं, वरी सारखी केली.

परवा एकादशी होती. सकाळी मी पेपर घेऊन बसलो होतो. आत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा बराच वेळ आला नाही.