जमीन पाहिली, माती राहिली

प्लॉट घेताना मी काय पाहिलं नव्हतं! रस्त्याची रुंदी, पाण्याची सोय, सकाळचं ऊन, संध्याकाळचा वारा. कागदपत्रं वकिलाकडून दोनदा वाचून घेतली. शेजारी भांडकुदळ निघतील या धास्तीत खऱ्या कुदळीचा विचार मात्र राहून गेला. ज्या वस्तूचे पैसे मोजत होतो, ती वाकून हातात घ्यावी हे सुचलंच नाही. मातीत काय पाहायचं? माती ती माती.

पहिला खड्डा ऐन उन्हाळ्यात घेतला. पहार टण्णकन वाजली. दगड असेल म्हणून जागा बदलली, तिथेही टण्ण. पाचव्या जागी कळलं की दगड कुठेच नाही, ही मातीच आहे. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, असं आपल्याकडे बजावून ठेवलंय. ती वेळ माझ्यावर येणं शक्यच नव्हतं. घाम पुसायला रुमाल काढला, तशी फाटकाची किल्ली खिशातून निसटली आणि जमिनीतल्या भेगेत गेली. मनगटापर्यंत हात घातला. किल्ली त्याच्याही खाली.

मग पाऊस आला आणि तीच माती लोण्यासारखी झाली. दर पावलाला बुटाखाली नवा थर चढायचा. चार पावलांत माझी उंची वाढली, पाचव्याला बूट मागे राहिला. लावलेली रोपं पाण्यात उभी राहून पिवळी पडली. माती फार चिकट असेल तर वाळू मिसळा, असं कोणीतरी सुचवलं. मी दोन घमेली मिसळली. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली की भट्टी न लावता वीट तयार होते, हा शोध माझ्या नावावर जमा झाला. घालायला हवं होतं कुजलेलं खत, तेही वर्षानुवर्षं.

शेवटी काकांना आणलं. त्यांचं आयुष्य शेतात गेलेलं. त्यांनी चिमूटभर माती ओली करून तळव्यावर वळली, तिची लांब वळी झाली. वाकवली, अंगठी झाली. तडा नाही. "पोयट्याची अशी अंगठी होत नाही, मोडते," ते म्हणाले. "ही पक्की चिकणमाती. अंगठी झालीच आहे, आता कर हिच्याशी संसार."

तरी मला पुरावा हवा होता. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. खळखळून हलवली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला दोनेक तास लागतात. चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक, तो दिवस दिवस तरंगत राहतो. तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. "हे नक्की काय आहे आणि ओट्यावरून कधी जाणार?" असं सौ.ने विचारलं. "आपला प्लॉट आहे," मी म्हणालो. त्यानंतर घरात बराच वेळ शांतता होती.

तोवर कुंपणाची भिंत बांधून झाली होती, ती एका बाजूने उचलली गेली. भिंत खचते हे ऐकलं होतं. माझी वर चालली होती. इंजिनिअरने समजावलं: या मातीच्या कणांत पापुद्र्यांसारखे थर असतात, मध्ये पाणी शिरलं की फुगतात, वाळलं की आकसतात. भारी इमारत त्यांना थोडंफार दाबून तरी धरते, हलक्या भिंतीला माती जुमानत नाही. मी पिसाच्या मनोऱ्याचा दाखला दिला. 1173 साली सुरू झालेलं ते काम लढायांमुळे जवळजवळ शतकभर रखडलं, तेवढ्यात खालची मऊ माती दबून घट्ट झाली आणि मनोरा वाचला. माझाही गवंडी दोन महिन्यांपासून बेपत्ता आहे, म्हणजे आशा आहे. इंजिनिअर म्हणाला, "ती माती दबणारी होती. तुमची फुगणारी आहे."

आता घराच्या पायासाठी रीतसर तपासणी झाली. 63.5 किलोचा हातोडा सुमारे पाऊण मीटरवरून पुन्हा पुन्हा पडतो, नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजतात. प्रत्येक घाव माझ्या बजेटवर बसत होता. वरच्या थरात पाया ठेवायचा नाही, ऊन-पावसाने हलत नाही त्या थरापर्यंत खाली जायचं, असा अहवाल आला. म्हणजे घराचा बराचसा भाग पाहुण्यांना दिसणारच नाही.

किल्ली अजून आतच आहे. पावसात भेग मिटली, पुढच्या उन्हाळ्यात उघडेल तेव्हा बघू. अर्थात मिळूनही उपयोग नाही. भिंत कलल्यापासून फाटक तसंही उघडत नाही. मी वरून उडी मारून जातो.