डबल स्टेन: दोघींचं जमेना

साधं आयएचसी, म्हणजे प्रथिन शोधून चिकटणारी अँटिबॉडी लावून ऊतीतलं एक प्रथिन रंगवणं, असेल तर मी गुणगुणत कामाला लागते. मागणीपत्रावर ‘डबल’ दिसलं की गुणगुणणं बंद. पाठवणाऱ्या डॉक्टरचं काय जातं? एक शब्द खरडला की तो मोकळा.

त्याला एकाच सेक्शनवर, म्हणजे ऊतीच्या एकाच पातळ कापावर, दोन प्रथिनं हवी असतात, एक तपकिरी, एक लाल. वेगवेगळ्या सेक्शनवर रंगवू म्हणावं, तर बायोप्सी एवढी चिमुकली की संशयित ग्रंथी पुढच्या सेक्शनमध्ये गायब. म्हणजे चार मायक्रॉनच्या त्या पापुद्र्यावर दोन अँटिबॉडीज नांदवायच्या. एका बाकावर दोन भांडकुदळ मुली बसवाव्यात, तसं.

भांडण रीट्रीव्हलपासूनच सुरू होतं. फॉर्मॅलिनने झाकलेले अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी चिकटण्याच्या जागा, मोकळे करायला एकीला पीएच ६ चं सिट्रेट हवं, दुसरीला पीएच ९ चं बफर. सरासरी काढून साडेसात करावं, तर दोघीही रुसतात. त्यातून एक उंदरात तयार झालेली आणि दुसरी सशात, असं असेल तर नशीब; कारण रंग आणणारी सेकंडरी अँटिबॉडी या प्रायमरींचा प्राणी बघून त्यांना चिकटते. दोघी सशाच्याच निघाल्या, की आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मग पहिलीचा रंग पक्का करायचा, तिला उकळून घालवायचं आणि मगच दुसरीला बोलवायचं. डॅब या रसायनाचा तपकिरी रंग उकळूनही जात नाही, हे त्याचे उपकार. सेक्शन मात्र स्लाइड सोडून पोहायला निघतं. संशोधक पॉल नाकाने यांनी १९६८ मध्ये रॅटच्या पिट्युटरी ग्रंथीवर असे एकापाठोपाठ रंग चढवून दाखवले, तेव्हापासून ही हकालपट्टी चालू आहे. ते आम्ल वापरत, आम्ही उकळतो.

लाल रंगाची तऱ्हा आणखी निराळी. तो आणणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमला फॉस्फेट बफर खपत नाही. तपकिरीच्या पेरॉक्सिडेजला सोडियम अझाइड खपत नाही. ऊतीतला मूळचा फॉस्फटेज लेव्हामिसोलने गप्प बसतो, फक्त आतड्यातला बसत नाही. आणि नमुना येतो तो नेमका आतड्याचा. एवढं करून शेवटी सवयीने हात अल्कोहोलकडे जाऊ पाहतो, आणि काही लाल रंग अल्कोहोलमध्ये चक्क विरघळतात.

प्रोस्टेटमध्ये मात्र हे फार देखणं जमतं. ग्रंथीच्या कडेच्या बेसल पेशींच्या केंद्रकात पी६३ हे प्रथिन तपकिरी, कर्करोगी ग्रंथीपेशींच्या पेशीद्रव्यात रेसमेज हे प्रथिन लाल. तपकिरी कडं नाहीसं आणि ग्रंथी लालभडक, म्हणजे कर्करोगाचा संशय बळावला. जागा वेगळ्या, म्हणून वाद नाही. पण दोन्ही प्रथिनं एकाच जागी असली, की तपकिरीवर लाल चढून असा काही रंग होतो की आमचे पॅथॉलॉजिस्ट सर त्याला तपकिरी म्हणतात, मॅडम लाल म्हणतात आणि मग दोघंही माझ्याकडे बघतात. मी मुकाट्याने कंट्रोल, म्हणजे पडताळणीच्या स्लाइड्स, पुढे सरकवते: फक्त तपकिरी, फक्त लाल, प्रायमरीच न लावलेली, आणि दोन्ही रंग हमखास येणारी. रुग्णाची स्लाइड एक, साक्षीदार चार. सर शेवटच्या स्लाइडवर बराच वेळ रेंगाळतात.

‘‘वा, काय सुरेख आलंय! हा कोणता पेशंट?’’