नव्या रंगाचा जुना ट्रॅक्टर

काल संध्याकाळी ज्या गृहस्थांनी माझा ट्रॅक्टर सुरू करून दिला, त्यांना डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे ठाऊक नव्हते, आणि मी सांगितल्यावरही त्यांचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. ट्रॅक्टर मात्र सुरू झाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात, याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

ट्रॅक्टर १९६०च्या दशकातला आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण यात तिचा काहीही दोष नाही. पाहायला गेलो तेव्हा इंजीन आधीच गरम होते. जुने डिझेल इंजीन थंड असतानाच सुरू करून पाहायचे असते, कारण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि उतरलेले कॉम्प्रेशन, म्हणजे हवेवरचा कमी पडणारा दाब, यांचे बिंग गरम इंजिनात सहसा फुटत नाही. विकणारा म्हणाला, "ऊन लागलंय हो त्याला." आभाळ भरून आले होते. इंजीन पुरते निवेपर्यंत मी तिथेच ठाण मांडले, तेव्हा कुठे त्याने नाइलाजाने सेल्फ मारला, आणि ट्रॅक्टर कुरकुर न करता सुरू झाला. ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरलेले नव्हते. धूर निळा नव्हता, म्हणजे इंजीन ऑइल जाळत नव्हते. आम्ही हातात हात दिला. कागदावर चार ओळी लिहाव्यात असे मी सुचवताच तो दुखावला. "कागदाचं काय घेऊन बसलात? माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

ट्रॅक्टरच्या व्यवहारात या शब्दाची नेमकी किंमत उपलब्ध आहे. १९३८ साली हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी असाच नुसता हात मिळवून करार केला होता. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारे नांगरासारखी अवजारे जोडायचे तीन पॉइंटचे लिंकेज आणि त्याची हायड्रॉलिक यंत्रणा फर्ग्युसनची, आणि कारखाना फोर्डचा. पुढे फोर्डच्या नातवाने कारभार हाती घेतल्यावर तो शब्द मोडीत निघाला, फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा ठोकला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. माझे गाऱ्हाणे त्या मानाने किरकोळ आहे. ते केवळ रंगाबद्दल आहे.

विकण्यापूर्वी या ट्रॅक्टरला नवा रंग दिलेला होता, आणि तो देताना रंगाऱ्याने कोणताही भेदभाव केला नव्हता. बॉनेटला रंग, रबरी पाइपांना रंग, वायरींना रंग, अनुक्रमांकाच्या पट्टीला रंग, टायरच्या कडांनाही रंग. ग्रीस निपलांवर, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडांवर, तर असा जाड थर चढला होता की ग्रीस गनचे तोंड त्यांच्यावर बसेना. यावर हसता येते, पण पुढच्या ॲक्सलच्या पिनांना ग्रीस मिळाले नाही की त्या कोरड्या घासून खलास होतात, आणि ही झीज रंगाखाली इतकी छान दिसते की घेणारा खूश होतो. जुन्या यंत्रावरचा गंज आणि तेलाचे ओघळ म्हणजे त्याच्या आजारपणाचे कागदपत्र असतात. ते ब्रश फिरवून नाहीसे करायचे आणि वर त्या कामाचे पैसे किमतीत धरायचे, याला व्यवहार म्हणतात हे मला मान्य नाही.

ट्रॅक्टरचा आजार असा होता की तो बराच वेळ उत्तम चालायचा, मग त्याचा जोर कमी व्हायचा, आणि दोन-चार आचके देऊन तो बंद पडायचा. हे इंधन न पोहोचण्याचे लक्षण आहे, आणि त्यावरचे सगळे शास्त्रोक्त उपाय मी केले. फिल्टर बदलले, गाळाची वाटी धुतली, सांध्यांवरचे तांब्याचे वॉशर नवे घातले, आणि अर्थातच एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढली. ज्यांनी हे केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा छोटा दांडा हाताने हलवत राहायचा, बुडबुडे थांबून नितळ डिझेल येऊ लागले की स्क्रू कसायचा, मग हेच इंजेक्शन पंपावर करायचे, आणि तरीही भागले नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. प्रत्येक वेळी बुडबुडे निघत. सांडलेल्या डिझेलची भरपाई म्हणून मी टाकीत थोडे ओतत असे, आणि ट्रॅक्टर सुरू होई. पुरावा सगळा माझ्या बाजूचा होता.

काल तो रस्त्याच्या कडेला बंद पडला. या वेळी स्क्रूतून बुडबुडेही येईनात. पंपाचा दांडा हलवून मनगट भरून आले असताना फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले. शर्टाला कडक इस्त्री होती, आणि घरी जाण्याची कसलीही घाई दिसत नव्हती.

"बंद पडला वाटतं?"

"हो."

"डिझेल आहे का?"

"आहे."

"बघितलंत?"

"निघताना मीच भरलं."

"ते निघताना. आत्ता बघितलंत का?" माझे उत्तर येईना, तेव्हा त्यांनी विषय बदलला. "माझी स्कूटर अशीच बंद पडायची. प्लग साफ केला की चालू."

"याला प्लग नसतो."

"काढून टाकलाय?"

"मुळातच नसतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं."

"असं होय," ते माझी समजूत घालत म्हणाले. "म्हणूनच बंद पडत असेल."

मी मान खाली घालून पंप मारत राहिलो. त्यांनी ट्रॅक्टरला एक प्रदक्षिणा घातली, रंग फार सुंदर असल्याचे सांगितले, हा इतका जुना वाटत नाही असेही सांगितले, आणि मग विचारले, "तुम्ही स्वतः मेकॅनिक आहात का?"

"नाही."

"तरीच."

या 'तरीच'ला काय उत्तर द्यावे याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात ते पायरीवर चढले. "मी आपलं एकदा डिझेल बघून घेतो," असे म्हणत त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. टाकीने एक लांबलचक श्वास आत ओढला, आणि त्याच क्षणी माझ्या नाकासमोरच्या सैल स्क्रूतून डिझेलची धार थेट माझ्या छातीवर आली.

"डिझेल आहे की," ते म्हणाले. त्यांचा थोडा हिरमोड झाला होता.

टाकीतले डिझेल जसे कमी होते, तशी तिच्यात तेवढीच हवा यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला एक बारीक छिद्र असते. रंगाऱ्याने झाकणही सोडले नव्हते. छिद्र बुजले, टाकीत निर्वात होत गेला, पंपाला डिझेल ओढता येईना, आणि तो सांध्यांमधून हवा मात्र ओढू लागला. माझे बुडबुडे हे असे होते. एअर काढल्यावर ट्रॅक्टर सुरू व्हायचा तो एअर काढल्यामुळे नव्हे, तर डिझेल ओतायला मी झाकण उघडत असल्यामुळे. हे सगळे मी त्या गृहस्थांना त्याच वेळी, अंगावरून डिझेल ठिबकत असताना, समजावून सांगितले. ते ऐकत नव्हते. सेल्फ मारताच ट्रॅक्टर धडधडू लागला होता, आवाजाने तीन-चार माणसे जमली होती, आणि ते त्यांना सांगत होते, "काही नाही हो, यांनी डिझेलच बघितलं नव्हतं."

रात्री दाभणाने छिद्र मोकळे केले आणि विकणाऱ्याला फोन लावला. पैसे परत मागायचे नव्हते. त्याच्या रंगकामामुळे मी काय भोगले, ते त्याने निदान ऐकून तरी घ्यावे एवढीच इच्छा होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तुम्ही झाकणाला दाभण लावलंत?"

"हो."

"रंग निघाला असेल ना तिथला?"

"थोडा निघाला."

"मग आता विकायला काढलात," तो हळहळत म्हणाला, "तर किंमत उतरणार बघा."