सडा पेटवून ससे वाढत नाहीत

‘स्कॉटलंडमध्ये हेदरची झुडपं मुद्दाम जाळतात, म्हणून तिथे ससे मुबलक. आपणही पावसाआधी सडे पेटवावेत. ससे बिळात सुरक्षित राहतात, राखेनं जमीन कसदार होते.’ गोव्यात जांभ्या दगडाच्या सपाट पठारांना सडे म्हणतात. तिथे पेडण्यापासून सत्तरीपर्यंत हा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे.

आधी बिळाचं पाहू. आपल्या सड्यावरचा काळ्या मानेचा ससा बीळ खणतच नाही. (जांभ्यात खणणार तरी कसा?) पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा युरोपातल्या बिळं करणाऱ्या जातीचा. आपला ससा गवतात अंग दाबून खळगा करतो आणि तिथेच दबून बसतो. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, पण धोका दिसला की पळत नाहीत, निपचित पडून राहतात. कोल्ह्याला चकवायला ही युक्ती चालते. वणव्यापुढे ती पिल्लं जागीच भाजतात.

आता हेदर. ते सदाहरित, कडक खोडाचं झुडूप. जून झालं की कोवळे शेंडे कमी होतात. म्हणून थंडीत, जमीन ओली असताना, छोटे छोटे पट्टे जाळतात आणि एका पट्ट्याची पाळी पुन्हा यायला कित्येक वर्षं जातात. हा सगळा खटाटोप मुख्यतः रेड ग्राउस या पक्ष्यासाठी, ज्याची तिथे शिकार करतात. तिथल्या डोंगरी सशालाही कोवळा पाला मिळतो, हे खरं. पण या सशांवरच्या गोचिडींतून पक्ष्यांना रोग होतो असं मानून त्याच माळांवर हे ससे हजारोंनी मारले गेले, इतके की १ मार्च २०२१ पासून तिथे परवान्याशिवाय त्यांना मारायला बंदी आली. मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं हेच गाळलं आहे.

आपल्याकडे मार्च-एप्रिलात सडा वाळून कोरडाठाक झालेला असतो. तेव्हा लावलेली आग पट्ट्यात थांबत नाही, ती थेट काजूच्या बागायतीत शिरते, तीही ऐन बोंडांच्या हंगामात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगींत काय झालं ते सत्तरीकरांना सांगायला नको.

राहिली राख. बरीचशी पहिल्या पावसात वाहून जाते. आणि सड्याला कस हवा कुणाला? दवबिंदू, सीतेची आसवं या सड्यावरच्या वनस्पती कीटक खातात ती माती निकस आहे म्हणूनच. खुद्द हेदरलाही खत सोसत नाही: नेदरलँड्समध्ये गोठ्यांतल्या अमोनियानं जमिनीत नत्र वाढला, तिथे हेदर हटून गवत माजलं.

बागायत वाचवायची असेल तर कडेचं गवत जानेवारीतच कोयत्यानं कापून उचलावं.