खोक्यावर ७६८, कानात हम्म!

डॅक, म्हणजे डिजिटल संगीताचं आवाजाच्या विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: चिप कोणती? अरे, चिपचं काय घेऊन बसलात! ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्‌झ हे आकडे खोक्यावर ठळक छापतात. माणसाला ऐकू येतं जेमतेम २० किलोहर्ट्‌झपर्यंत, आणि आवाजाचे नमुने घेण्याचा दर जेवढा, त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात. म्हणजे सीडीचा ४४.१ चा दरसुद्धा २२.०५ पर्यंत पोचतो. मग ७६८ कुणासाठी? वटवाघळांसाठी? ३२ बिटांचंही तेच: बिट जितके जास्त, तितके बारीक आवाज टिपता येतात, पण उत्तमातल्या उत्तम डॅकचा स्वतःचा गोंगाटच २१ बिटांच्या आसपास आडवा येतो.

जे खरंच बिघडवतं ते मात्र कुणी विचारत नाही. आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे यंत्राच्या आउटपुटचा स्वतःचा विद्युत अडथळा, किती? १६ ओहमचे इअरफोन असतील तर तो २ ओहमच्या आत हवा. १० ओहम आउटपुट इम्पीडन्सचा प्लेअर जोडलात की अनेक इअरफोनचा बास नि ट्रेबल यांचा तोलच बदलतो, आणि लोक म्हणतात, ‘वा, काय उबदार आवाज!’

आणि दोन डॅकची तुलना? एकाचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं बॅलन्स्ड (दोन उलट्या सिग्नल-तारांचं) ४ व्होल्ट. म्हणजे सरळ ६ डेसिबलचा फरक! मोठा वाजणारा चांगलाच वाटणार ना? आधी मल्टिमीटर लावा, १ किलोहर्ट्‌झचा सूर वाजवून दोन्हींचे व्होल्ट जुळवा, मग बोला.

संगणकाला यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून हम्म येतो, तो बहुतेकदा ग्राउंड लूपमुळे असतो, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नकोशा विजेमुळे. यूएसबीऐवजी साधी ऑप्टिकल केबल लावा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज नाही. पण नाही! लोक हजारोंची यूएसबी वायर आणतात, आणि हम्म तिथेच.