निकाल का सांगितला नाही? आमच्या नाटकाला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार सुभेदार साहेब,

लातूरचा प्रयोग पाहून आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. तो दिसेल तिथेच उत्तर देतोय, म्हणजे नाटक बघायचं की नाही या विचारात असलेल्यांनाही दोन्ही बाजू कळतील. आपलं म्हणणं थोडक्यात असं: हुकूम मोडणाऱ्या हवालदाराला आम्ही हिरो केलं, फौजेची बदनामी केली. साध्या हवालदारासाठी जनरल कोर्ट मार्शल, म्हणजे सगळ्यांत मोठं लष्करी कोर्ट, बसवलं, चौकशीतला जबाब कोर्टात वाचून दाखवला, आरोपी सॅल्यूटही ठोकत नाही. आणि दोन अंक बसवून ठेवून शेवटी निकालच सांगितला नाही, "दोनशे रुपये पाण्यात". मागच्या रांगेत ऐकू येत नव्हतं, हेही.

ऐकू न येण्याचं आधी उरकतो. माझा पोटाचा धंदा साउंड आणि लाइट भाड्याने द्यायचा, नाटक हा त्यातून काढलेला उद्योग, म्हणून हे वाक्य जास्त लागलं. ज्या हॉलमध्ये प्रयोग झाला तिथले पंखे चालू ठेवले तर संवाद जातात आणि बंद केले तर प्रेक्षक जातात. पुढच्या प्रयोगाला मागच्या बाजूला दोन स्पीकर वेगळे लावतोय. विषय संपला.

आता हिरोचं. ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी कथा सांगतो. डोंगरातली नदी फुगलेली, पुलावरून पाणी. कंपनी कमांडर मेजर हुकूम देतो, गाड्या पलीकडे न्या. ताफ्याचा प्रमुख हवालदार पहिल्या ट्रकला पुढे जायचा हात दाखवतो. ट्रक वाहून जातो, ड्रायव्हर आणि सोबतचा जवान दोघंही जातात. मेजर म्हणतो, दुसरी गाडी घाला. हवालदार नाही म्हणतो. पुढे चौकशी बसते आणि तिथे हाच हवालदार शपथेवर सांगतो की पहिला ड्रायव्हर कुणाच्या हुकमाविना, स्वतःच्या मर्जीने पुढे गेला. मेजर वाचावा म्हणून. कारण हवालदाराची पोरगी दवाखान्यात असताना याच मेजरने रातोरात रजा मंजूर केली होती, वर खिशातले पैसेही दिले होते. खाल्ल्या मिठाला जागला बिचारा, पण जागला मेलेल्या माणसाच्या जिवावर.

म्हणजे साहेब, हा माणूस दोन आरोपांखाली उभा आहे. एक, हुकूम मोडल्याचा, आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 41. दुसरा, शपथेवर खोटं सांगितल्याचा, कलम 60. पहिला तो नाकारतो, दुसरा कबूल करतो. ज्याने स्वतः पहिली गाडी पाण्यात घातली आणि मग मेलेल्यावर खापर फोडलं, त्याला हिरो म्हणायला आम्हीही तयार नाही. आमचा लेखकही नाही.

"हुकूम म्हणजे हुकूम" हे आपलं वाक्य आमच्या नाटकात आहे, प्रॉसिक्यूटरच्या तोंडी, आणि त्याला बीडला टाळ्या पडल्या. तो म्हणतो, धोक्याचा हुकूम म्हणजे बेकायदेशीर हुकूम नव्हे, धोका पत्करायलाच फौज असते. हे बरोबरच आहे, आणि नाटकात कुणीही ते खोडून काढत नाही. पण आपल्या भागातल्या माणसाला यात जे दिसतं ते वेगळं असतं. मांजरा-सिंदफणेच्या काठावरच्या प्रत्येकाने पुलावरून पाणी वाहताना एसटीच्या ड्रायव्हरला थांबलेलं पाहिलंय. मागून प्रवासी ओरडत असतात, "घाला की हो, काय होत न्हाई." तो घालत नाही. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही, निदान दुसऱ्या दिवशी तरी.

तांत्रिक मुद्दे आपण काढलेत ते बरं झालं. हवालदारासाठी डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल, म्हणजे त्याखालचं लष्करी कोर्ट, पुरलं असतं, असं आपण म्हणता. चाललं असतं, पण सक्ती नाही. जनरल कोर्ट मार्शलला आर्मी ॲक्टखालच्या कुणावरही खटला चालवता येतो. डिस्ट्रिक्टला दोन वर्षांहून जास्त कैद देता येत नाही आणि कलम 41 मधल्या उघड अवज्ञेला 14 वर्षांपर्यंतची सजा आहे. दोन माणसं गेलेली असताना वरच्यांनी मोठं कोर्ट बसवलं, यात नवल काय? चौकशीतल्या जबाबाचंही तसंच. कोर्ट ऑफ इन्क्वायरीतला, म्हणजे खटल्याआधीच्या लष्करी चौकशीतला, जबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम आपल्याला पाठ आहे याचा आदर वाटतो. पण त्याच नियमात एक अपवाद आहे: त्या चौकशीत खोटं सांगितल्याचाच खटला असेल तर वापरता येतो. आमचा दुसरा आरोप नेमका तोच. सॅल्यूटचं म्हणाल तर आरोपीची टोपी आणि पट्टा काढूनच त्याला आत आणलंय, आणि टोपी नाही तर सॅल्यूट नाही. हे आम्हाला आपल्यासारख्याच एका निवृत्त सुभेदारांनी तालमीत बसून शिकवलं. नटाला सवय लागेपर्यंत त्यांनी त्याचा हात धरून ठेवला होता.

निष्ठेत दोन बाजू नसतात, असं आपण ठामपणे लिहिलंय. इथे मात्र मी अडतो. 1945 साली लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर कोर्ट मार्शल चाललं. तिघेही ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी, राजाची शपथ घेतलेले आणि मग आझाद हिंद सेनेत लढलेले. भुलाभाई देसाईंनी त्यांचा बचाव केला. त्याआधी 1930 मध्ये पेशावरला ब्रिटिशांच्या फौजेतल्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नि:शस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला आणि तुरुंग पत्करला. यातलं कोण निष्ठावान आणि कोण नाही, हे ठरवताना कुणाशी निष्ठा ते आधी विचारावं लागतं. आमच्या हवालदाराला मेजरशी इमान राखायचं होतं, पलटणीशीही, आणि सिंदफणेकाठच्या गावातून आलेल्या त्या ड्रायव्हरच्या बापाशीही. तिन्ही जमणार नव्हतं.

तो बापाचा प्रवेश आपण उल्लेखलाच नाही, म्हणून विचारतो, तेव्हा आपण बाहेर चहाला तर गेला नव्हता ना? म्हातारा मुलाची ट्रंक न्यायला येतो. ट्रंकेचं कुलूप उघडत नाही, किल्ली मुलाच्या खिशात गेलेली. हवालदार दगडाने कुलूप फोडून देतो. म्हातारा आतली घडी घातलेली गरम बंडी उचलतो, खाली ठेवतो आणि विचारतो, "पोरगं हुकमाबाहेर गेलं म्हनायलेत. गेलं का?" हवालदार काही बोलत नाही. पुढच्या प्रवेशात जज ॲडव्होकेट, म्हणजे कोर्टाला कायद्याचा सल्ला देणारे अधिकारी, त्याला बजावतात की गुन्हा कबूल केलास तर परिणाम काय होतील ते समजून घे, आणि तो दुसऱ्या आरोपावर "कबूल" म्हणतो. अपराधीपणाची भाषणं आम्ही मुद्दाम ठेवली नाहीत.

आता निकालाबद्दल. आपण ज्याला अर्धवट म्हणता त्याच्यासाठीच आम्ही हे नाटक केलंय.

जनरल कोर्ट मार्शलला निदान पाच अधिकारी लागतात, प्रत्येकाची कमिशनची, म्हणजे अधिकारी म्हणून, किमान तीन वर्षं झालेली. दारं बंद करून ते आरोपाआरोपावर मत देतात, तोंडी, एकेक करून. आणि सुरुवात सगळ्यांत कनिष्ठापासून होते. हा नियम कळला तेव्हा मला नाटक दिसलं. कर्नल आधी बोलला तर कॅप्टन काय बोलणार, हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होतं. पण त्यामुळे होतं असं की सगळ्यांत तरुण माणसाला, ज्याची बढती बाकीच्यांसारख्यांच्याच हातात आहे, कुणाचाही अंदाज न घेता पहिलं मत द्यावं लागतं. सरकारी कचेरीत ज्याने गोपनीय अहवालाच्या भीतीने बैठकीत मान डोलावलीय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हवालदाराची हिंमत पहिल्या अंकात संपते. दुसऱ्या अंकातली हिंमत त्या कॅप्टनची आहे, म्हणून तो उभा राहतो तिथे आम्ही पडदा टाकतो.

कोणत्या सदस्याने काय मत दिलं ते फोडणार नाही, अशी शपथ त्या पाचही जणांनी घेतलेली असते. मग आम्ही कसं सांगायचं? आणि कोर्टाने निकाल जाहीर केला तरी वरिष्ठ अधिकाऱ्याने कायम केल्याशिवाय तो लागू होत नाही. लाल किल्ल्यातल्या तिघांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती, पण जानेवारी 1946 मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. बडतर्फी मात्र कायम ठेवली.

जाता जाता, "नानावटी खटल्यासारखी मजा नाही" असं कुणीतरी आपल्या अभिप्रायाखाली लिहिलंय. नानावटी नौदलातले होते, पण त्यांच्यावरचा खुनाचा खटला मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्यूरीपुढे चालला. ते कोर्ट मार्शल नव्हतं.

पैसे परत मागितलेत. देणार नाही, नाटक पूर्ण झालं होतं. पण पुढचा प्रयोग नांदेडला आहे, माजी सैनिकांना नेहमीप्रमाणे अर्ध्या दरात तिकीट, ओळखपत्र दाखवा. आपल्याला तिकीटही नको, माझ्याकडून या. प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्यात, तिथे मेजरची बाजू आपण मांडावी अशी विनंती आहे. मेजरचं काम करणाऱ्या मुलाला आपला अभिप्राय फार आवडलाय. त्याच्या मते नाटकात त्याच्यावर अन्याय होतो, आणि हे म्हणणारा पहिला माणूस त्याला भेटलाय.