खरखर आहे तोवर आपण जिंकतोय

आमच्या घरी रेडिओ लावणं हे एका माणसाचं काम कधीच नव्हतं. बटण अण्णांच्या हातात, एरियलची तार मामाच्या हातात, आणि 'जरा डावीकडं घे... नको, होतं तिथंच बरं होतं' हे सांगायला आजी. आई यात नसायची. पण मॅच फारच लांबली की ती स्वयंपाकघरातून 'मी मिक्सर लावतेय हं' एवढंच म्हणायची, आणि सगळं घर हात जोडून उभं राहायचं. मिक्सर फिरला की रेडिओवर नुसती गिरणी सुरू व्हायची.

सांगलीत आकाशवाणीचं केंद्र १९६३ साली आलं. गावाला त्याचा केवढा अभिमान! पण त्या अभिमानाची किंमत मॅचच्या दिवशी मोजावी लागे. इतक्या जवळून, इतका दणकट आवाज येणार, आणि आमचा सेट स्वस्तातला. त्याला १२५१ किलोहर्ट्झवरची सांगली तिथल्या तिथे ठेवणं झेपायचंच नाही. काटा मुंबईवर न्या, दिल्लीवर न्या, मागून सांगली येतेच. गावसकर स्ट्राइक घेतोय, होल्डिंग धावत सुटलाय, आणि चेंडू पडायच्या आत द्राक्षांवरच्या भुरीचा बंदोबस्त सुरू. होल्डिंगचा बाउन्सर आणि गंधकाची भुकटी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात आजही एकाच खणात आहेत.

त्यात मराठीतून क्रिकेट ऐकायची आजीला सवय. बाळ ज. पंडितांनी मराठीत धावतं वर्णन रुजवलं ते आजीसारख्यांवर फार मोठे उपकार. परदेशातली मॅच असली की मात्र हिंदी आणि इंग्रजी आलटून पालटून. हिंदी सुरू झालं की आजी पुढे सरकायची, इंग्रजी लागलं की वाती वळायला घ्यायची. विकेट नेमकी इंग्रजीत पडायची. मग 'कोण गेला? आपला की त्यांचा?' हे सांगेपर्यंत पुढचा बॅट्समन क्रीजवर आलेला असे.

मी ऐकलेलं पहिलं जगज्जेतेपद क्रिकेटचं नव्हे, हॉकीचं. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, भारत विरुद्ध पाकिस्तान. जसदेव सिंग यांचा आवाज चेंडूच्या पुढे धावत होता. अशोककुमारनं गोल मारला तेव्हा नेमका आवाज बुडाला. नुसती खरखर. गोल झाला की नाही यावर तिकडे पाकिस्तानी खेळाडू वाद घालत होते, इकडे गल्लीत आम्ही. आवाज परत आला तेव्हा आपण २-१ नं पुढे होतो, आणि शेवटपर्यंत राहिलो. तेव्हा कुणी या योगायोगाकडे लक्ष दिलं नाही. शास्त्र बनायला आणखी आठ वर्षं लागायची होती.

अण्णा विज्ञानाचे मास्तर. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी असते, तिचं तोंड फिरवलं की आवाज कमीजास्त होतो, हे त्यांनी आम्हाला रेडिओ उघडून दाखवलेलं. म्हणून आमचा रेडिओ टेबलावर सरळ कधीच नसे. टेबलावर खडूच्या खुणा होत्या. ही मुंबईची, ही दिल्लीची, ही सिलोनची. पाहुण्यांना वाटायचं, घरात कुणीतरी पत्रिका मांडतं. शॉर्ट वेव्हसाठी खिडकीबाहेर तार सोडलेली. ती माणसानं हातात धरली की आवाज सुधारायचा. मामा आमच्याकडे आयटीआयला शिकायला राहिला होता. त्याचं शिक्षण काय झालं ठाऊक नाही, पण तार त्यानं उत्तम धरली.

आता १९८३. त्या वर्ल्ड कपात १८ जूनला कपिलदेवनं टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेची धुलाई केली. १७ धावांत आपले ५ गडी बाद, आणि तिथून हा गडी नाबाद १७५. त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. आम्हीही ती ऐकली नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. अण्णा पेपर घडी करून म्हणाले, "कुणी बघितलं नाही, म्हणून झालं हे." तेव्हा आम्ही हसलो.

२५ जून, शनिवार. फायनल लॉर्ड्सवर. आमच्या गल्लीत टीव्ही नव्हता. आपली सगळी टीम १८३ धावांत आटोपली. श्रीकांतच्या ३८ या सर्वांत जास्त. आजीनं वाती गुंडाळल्या आणि "झोपा आता" म्हणाली. संधूनं ग्रीनिजला उडवलं तसा घरात जीव आला, पण मग रिचर्ड्स आला. त्याचे चौकार कानात स्पष्ट, टाळ्यांसकट ऐकू येत होते. एरवी आवाज असा आला असता तर अण्णांनी पेढे वाटले असते. मामा खिडकीत तार धरून उभा, रेडिओ खुणेवर, मिक्सर बंद, सांगली गप्प. सगळं जागच्या जागी. आणि आपण हरत होतो.

रिचर्ड्स ३३ वर असताना मामा म्हणाला, "मी आलो जाऊन." संडास परसात. बाहेर पाऊस. तार सुटली, आवाज खड्ड्यात गेला. खरखरीतून कुणीतरी परक्या भाषेत भजन म्हणत होतं, रात्री लहरी कुठून कुठून वाहत येतात. आणि त्या भजनातून एकदम लोकांचा गलका. कपिल उलटा धावत गेला होता. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा झेल!

मामा धोतराचा सोगा झाडत... नाही, मामा पायजमा घालायचा. पायजम्याला हात पुसत आत आला तर अण्णा दारात आडवे. "तू बाहेरच थांब."

"अहो भावोजी, पाऊस आहे."

"छत्री घे."

इथे विज्ञानाचे मास्तर आणि आमचे वडील यांच्यात थोडी ओढाताण झाली असावी, कारण दहाएक मिनिटांनी त्यांनीच मामाला प्रयोग म्हणून आत बोलावलं. मामानं तार धरली. आवाज खणखणीत. विकेट पडेना. मामाला परत परसात. खरखर. विकेट! आजीनं निकाल दिला, "त्याला आत घेऊ नका." लॉइड, गोम्स, बॅकस, सगळे मामा भिजत असताना गेले. ६ बाद ७६. मग दुजाँ आणि मार्शल चिकटले तेव्हा चौकशी झाली. मामा पावसाला कंटाळून गुपचूप न्हाणीघरात येऊन उभा होता. त्याला बाहेर काढल्यावर अमरनाथनं काम उरकलं. मध्यरात्रीच्या सुमारास होल्डिंग पायचीत झाला, वेस्ट इंडीज १४०, आपण ४३ धावांनी जगज्जेते. शेवटची विकेट आम्ही ऐकलीच नाही. शेजारच्या घरातून ताट वाजायला लागलं तेव्हा कळलं.

मामाला पुढे आठवडाभर सर्दी होती. कपिलला चषक मिळाला, मामाला आईनं काढा दिला.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला. स्टेशन लागलं की मॅच जाते, मॅच लागली की स्टेशन जातं. माझा सुरुवातीला विश्वास नव्हता. पण पुरावे बघा. १९८७ च्या सेमीफायनलला आमच्याकडे टीव्ही आला होता, चित्र स्वच्छ. वानखेडेवर गूच स्वीप मारमारून ११५ करताना दिसला, आपण घरी. १९९६ ला रंगीत टीव्ही, ईडन गार्डन्स, १ बाद ९८ वरून ८ बाद १२०. रंगीत म्हणून जाळपोळसुद्धा छान दिसली. २००३ ला केबल, आवाज चहूबाजूंनी, पाँटिंग नाबाद १४०. अजून किती साधनं सुधारायची?

मधल्या काळात रेडिओ बदलला. खरखर करणारी मीडियम वेव्ह मागे पडली, एफएम आलं. काचेसारखा आवाज. नवी नवी खासगी स्टेशनं निघाली, आणि प्रत्येकावर एक तरुण मुलगा किंवा मुलगी न थांबता बोलू लागली. अण्णा घाबरले. इतक्या स्वच्छ आवाजात आता देशाचं काही खरं नाही, असं त्यांचं मत. पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. तेव्हा या स्टेशनांवर सगळं असायचं, फक्त स्कोअर नसायचा.

त्याचा अनुभव मला २४ सप्टेंबर २००७ ला आला. ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपची पहिलीच फायनल, जोहान्सबर्गला, पाकिस्तानशी. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणून आम्ही सांगलीहून पुण्याला निघालेलो. भाचा गाडी चालवत होता. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. त्यामुळे पेठ नाका ओलांडला की एक स्टेशन मरायचं, कराड गेलं की दुसरं. काटा सतत फिरवायचा. साताऱ्याच्या पुढे पुण्याकडचं एक स्टेशन अधूनमधून डोकवायला लागलं. त्यावरचा मुलगा भयंकर उत्साहात होता. "मित्रांनो, मॅच अशी रंगलीय, अशी रंगलीय, की काय सांगू!"

"सांग ना," मी म्हणालो.

त्यानं गाणं लावलं. मग सराफाची जाहिरात, मग एनए प्लॉट, मग परत तो. "शेवटची ओव्हर! बॉल जोगिंदर शर्माच्या हातात! कुठे जाऊ नका!" आणि परत प्लॉट. मी शपथेवर सांगतो, त्या रात्री मला त्या प्लॉटचे सगळे हप्ते पाठ झाले होते.

एवढ्यात समोर खंबाटकीचा बोगदा. भाच्यानं गाडी कडेला घेतली. "मामा, आत रेंज जाईल. इथंच ऐकूया," तो मला म्हणाला. मला पटलं. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "गाडी आत घाल."

ही बाई पुण्याची. लग्नानंतर पहिल्या मॅचला टेबलावरच्या खडूच्या खुणा बघून हसली होती. भावोजी म्हणून नव्हे, पण माणूस म्हणून मामाशी असं वागणं शोभतं का, असं अण्णांना विचारणारी ती एकटीच.

"अगं पण, शेवटची..."

"आवाज बघ किती स्पष्ट येतोय. घाल म्हणते ना आत!"

बोगद्यात शिरलो. रेडिओचा घसा बसला. पुढे एक कंटेनर रांगत होता, भाच्याला ओव्हरटेक करता येईना. सगळी गाडी खरखरीनं भरलेली आणि आम्ही तिघं ती खरखर कान देऊन ऐकतोय. मोबाईललाही रेंज नाही. बाहेर पडलो तर खंडाळ्याच्या अलीकडे ट्रकवाले हॉर्न दाबून बसलेले. मिसबाहनं चेंडू मागे उचलला होता, श्रीशांतनं झेल घेतला होता, आपण ५ धावांनी जिंकलो होतो. रेडिओवरचा मुलगा किंचाळत होता, पण काय झालं ते त्यानं तेव्हाही सांगितलं नाही.

बायकोनं शांतपणे मोदकाचा डबा उघडला. "अण्णांना फोन करून सांगा, बोगदा मी घालायला लावला."

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानात यंत्र आहे. २९ जून २०२४ ला बार्बाडोसची फायनल मोठ्या टीव्हीवर चालली होती आणि क्लासेनच्या तडाख्यात अक्षर पटेलच्या एका ओव्हरीत २४ धावा गेल्या, तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. तेवढ्यानं भागेना. ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. त्यांनी मला मामाला फोन लावायला सांगितला. मामाची साठी उलटली, विश्रामबागेत स्वतःचा फ्लॅट आहे. फोन स्पीकरवर.

"कुठं आहेस?"

"घरात. टीव्हीसमोर."

"बाल्कनीत जा."

"भावोजी, इथं धो धो..."

"छत्री घे!" अण्णांना ऐकू येत नव्हतं, पण मामा काय म्हणाला असेल हे त्यांना पाठ होतं.

मामा गेला. फोनमधून पावसाचा आवाज येऊ लागला. क्लासेन बाद झाला. बुमरानं यान्सेनचा त्रिफळा उडवला. शेवटच्या ओव्हरला पहिल्याच चेंडूवर मिलरनं उचलून मारला आणि सूर्यकुमारनं सीमारेषेबाहेर जाऊन, आत येऊन तो झेल घेतला. आमच्या घरात आरडाओरडा. त्यात फोनमधून मामाचा कुडकुडता आवाज, "झालं का? येऊ का आत?"

अण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणतोय? मी हातवारे करून सांगितलं.

"थांब म्हणावं," अण्णा म्हणाले, "अजून ५ बॉल आहेत."